कुसुम, त्या तीस थानांबद्दल

कुसुम, गेल्या आठवड्यात तुझ्या ऑफिसात शोकसभा झाली. साहेब चांगलं बोलले. तू वेळेवर यायचीस, उगाच रजा घ्यायची नाहीस, नुसता हात फिरवून कापड हातमागाचं की यंत्रमागाचं ते सांगायचीस, हे सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "एक चूक सोडली तर कुसुमताईंची सगळी नोकरी स्वच्छ होती." मी दुसऱ्या रांगेत तुझ्या आईंजवळ बसले होते. मी उठून काही बोलले नाही. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले तेव्हा मीही उभी राहिले. आईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही.

ती चूक तुझी नव्हती. गेली सात वर्षं मला हे माहीत आहे. या सात वर्षांत आपण महिन्यातून एकदा तरी भेटलोच, तरी ते माझ्या तोंडून निघालं नाही. आधी माझी नोकरी जाईल ही भीती होती. मग उमरेडचे माग बंद पडतील ही. त्यानंतर, तू माझ्याशी बोलणं सोडशील ही. तू गेल्यावर निदान ती तिसरी भीती संपेल असं वाटलं होतं. संपली नाही. तू ऐकून घेशील आणि काहीच बोलणार नाहीस, असं अजूनही वाटतं.

आपली ओळख कॉलेजातली, पण मैत्री झाली ती तू मला नागपूरच्या महाल भागातल्या तुमच्या घरी नेलंस त्या दिवशी. मी उमरेडच्या शाळामास्तरांची मुलगी. आमच्या गावात गल्लीगल्लीत माग चालायचे, पण मी कधी थांबून पाहिलं नव्हतं. तुमच्या पुढच्या खोलीत तुझे बाबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. तू माझा हात धरून त्यांनी विणलेल्या कापडावरून फिरवलास.

"हा सकाळचा ठोका," तू म्हणालीस. "आन् हा जेवल्यावरचा. बाबा जेवले का हात जरा ढिला पडते."

मला काही कळलं नाही. तू पुन्हा फिरवलास, मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी माझ्या बोटांना काहीतरी लागलं. घट्ट विणीतून थोड्या सैल विणीत गेल्यासारखं. मी ओरडलेच असेन, कारण तुझे बाबा धोटा थांबवून हसले. आईंनी सांभारवडी आणून दिली, आणि माझे हात तेलकट म्हणून तू मला कापडापासून लांब ढकललंस. त्या दिवसाचे उपकार मी मानते. पुढे सोसायटीचं काम मला जमलं ते त्या एका दुपारीमुळे.

तुला सरकारी तपासणीसाची नोकरी लागली आणि मी उमरेडच्या विणकर सोसायटीची चिटणीस झाले. आपली गाठ पुन्हा कापडानेच बांधली. श्रीमंत देशांना आपल्यासारख्या देशांचं स्वस्त कापड त्यांच्या बाजारात नको होतं, त्यांच्या गिरण्या बसत होत्या. म्हणून तिकडे जिनेव्हाला देशोदेशींची माणसं जमली आणि कोणत्या देशाने किती कापड पाठवायचं याचा करार झाला. आपल्या गिरण्यांना आणि यंत्रमागांना मर्यादा पडली. हातमागाच्या कापडाला तेवढी मोकळीक होती, पण हे कापड हातमागाचंच आहे असा सरकारी दाखला मालासोबत लागायचा. आमच्या पडद्यांच्या कापडाच्या दाखल्यावर सही तुझी असायची.

तू त्या कराराची सायक्लोस्टाइल प्रत घेऊन उमरेडला आली होतीस, आठवतं? सोसायटीच्या पडवीत सतरंजी टाकली होती. आमच्या सगळ्यांत जुन्या विणकरांनी, तुळशीरामकाकांनी, तो जाड गठ्ठा हातात तोलून पाहिला.

"एवढ्या कागदात आपल्यासाठी किती हाय, पोरी?"

"एक ओळ हाय, काका."

"एकच?"

"एकच. पन लिहिलेली हाय."

काका बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मग म्हणाले, "एका ओळीवर एवढी मानसं जगून राहिली म्हंजे भेव वाटते वं." सगळे हसले, तूही हसलीस. मला मात्र तेव्हापासून त्या ओळीची धास्ती बसली. रेडिओवर परदेशातल्या व्यापाराच्या बोलण्यांची बातमी आली की मी हातातलं काम सोडून ऐकायची.

आपलं भांडण त्याच दिवशी परतीच्या एसटीची वाट पाहताना सुरू झालं आणि कधी मिटलं नाही. मी म्हणत असे, हा करार त्यांच्या गिरण्या वाचवायला आहे. आपण कितीही हाताने विणलं तरी त्यांचं काही बिघडत नाही, म्हणून तेवढं मोकळं ठेवलं. तुळशीरामकाकांच्या मुलाने उद्या यंत्रमाग घेतला, चार पावलं पुढे टाकली, की त्याचं कापड बंद. म्हणजे आपण आहोत तिथेच बसावं, अशीच त्यांची इच्छा. यावर तू म्हणायचीस, "इच्छा काहीही असू दे ना वं. लिहिलेला नियम असला का त्याले धरून भांडता येते. नियमच नसता, तर आपल्या गावचं नाव त्या सभेत कोन घेतलं असतं? एखाद्याची मर्जी फिरली का संपलं." मी म्हणायची, नियम लिहिणारे तेच, मोडणारेही तेच. तू म्हणायचीस, "मंग आपन तरी मोडू नये." तू हे सहज बोलायचीस. मला ते नंतर फार लागलं.

आता ती गोष्ट सांगते.

आणीबाणी उठल्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या विणकर गल्लीत काविळीची साथ आली. घरटी एक माणूस आडवं. तुळशीरामकाका महिनाभर खाटेवर होते, डोळे हळदीसारखे पिवळे. अर्धे माग बंद पडले. बोटीची तारीख ठरलेली होती आणि परदेशातल्या खरेदीदाराने आधीच कळवलं होतं की माल चुकला तर तो दुसऱ्या देशातून घेईल. मला कापडाची तीस थानं कमी पडत होती. मी कोणाला न सांगता नागपूरच्या एका यंत्रमागवाल्याकडे गेले आणि त्याच रंगाची, त्याच पट्ट्याची तीस थानं विणून घेतली. ती आणली, आमचे शिक्के मारले आणि गठ्ठ्यांच्या मधोमध घातली. हे करताना मला रडू आलं नाही. मला फक्त घाई होती.

तू तपासायला आलीस तेव्हा तुझ्या अंगात ताप होता. तरी तू वरची, खालची, मधली अशी आठ-दहा थानं उघडून पाहिलीस. माझा जीव तुझ्या बोटांत अडकला होता. एकदा तुझा हात चुकीच्या थानाच्या अगदी शेजारी थांबला. मग तू खुर्चीवर बसलीस आणि विचारलंस, "सगळं आपलंच हाय ना वं, सुशे?"

मी म्हटलं, "हो."

तू सही केलीस. मी तुला लिंबाचं सरबत करून दिलं. ग्लास ठेवताना थोडं तुझ्या पदरावर सांडलं. तू म्हणालीस, "असू दे."

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. टपालवाला सोसायटीच्या दाराशी आला की माझी मान आपोआप वळायची. बोट लागली, माल उतरला, तरी काही झालं नाही. मी सुटले असं वाटायला लागलं. आणि एक दिवस तूच निरोप घेऊन आलीस. कुठल्यातरी शहरातला खोट्या दाखल्याचा माल परदेशातल्या बंदरात अडवला होता. आता तिकडची माणसं स्वतः येऊन माग बघणार होती. त्यांची खात्री पटली नाही तर आपलं पडद्याचं कापडही मर्यादेत जाणार होतं. तू घाबरली नव्हतीस. "चांगलंच झालं," म्हणालीस. "येऊ दे. बघतीन तरी." मी त्या दिवशी जेवले नाही.

दिल्लीचा एक अधिकारी, परदेशी गृहस्थ एक आणि कापडातली जाणकार अशी परदेशी बाई एक, असे तिघं जीपमधून आले. काका बरे झाले होते. त्यांनी मागावर बसून दाखवलं. बाईने खाली वाकून त्यांचे पाय पाहिले, धोटा हातात घेतला. सगळं चांगलं चाललं होतं. मग सोसायटीच्या खोलीत तिने पिशवीतून कापडाचे सहा तुकडे काढून टेबलावर ठेवले. त्यांच्या बंदरात उतरलेल्या मालातून कापून आणलेले. दिल्लीचे साहेब म्हणाले, "बाई विचारतात, यातले हातमागाचे कोणते ते सांगता येईल का?"

पट्टा मी लांबूनच ओळखला. खोलीत सगळे विणकर दाटीने उभे होते. मला दारापर्यंत जाता येईना.

तू एकेक तुकडा हातात घेतलास. चार एका बाजूला ठेवलेस. पाचवा वेगळा ठेवलास, तो आपल्याकडचा नव्हताच. सहाव्यावर तुझं बोट थांबलं. तू तो उलटा केलास, पुन्हा सुलटा केलास. कोपऱ्यावर आमच्या सोसायटीचा शिक्का होता. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. कुसुम, मी खाली बघितलं. सगळ्यात जास्त मला त्याचीच लाज वाटते. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी फरशी बघत होते.

तुला "हातमागाचा" म्हणता आलं असतं. कोणी ओळखलं असतं की नाही, देव जाणे. तू तो तुकडा पाचव्याच्या शेजारी ठेवलास आणि आधी इंग्रजीत, मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणालीस, "हा हातमागाचा नाही. या मालाच्या दाखल्यावर सही माझी आहे. मी त्या दिवशी सगळी थानं उघडली नाहीत. ती चूक माझी."

दिल्लीच्या साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. बाईने वहीत काहीतरी लिहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि आणखी लिहिलं. काका माझ्या मागेच होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

जीप गेल्यावर मी तुझ्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत आले. तू विचारशील म्हणून मी मनाची तयारी करत होते. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला आजवर समजावत आले. तू विचारलं नाहीस. गाडी आल्यावर पायरीवर चढताना म्हणालीस, "कावीळ उतरली ना सगळ्यांची?" तुला कळलं होतं. मी "हो" म्हटलं, आणि गाडी गेली.

पुढे तीन महिने उत्तराची वाट पाहण्यात गेले. गल्लीत कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. काकांच्या मुलाने यंत्रमागाचा विषय काढणं सोडलं. शेवटी पत्र आलं. उमरेडचं कापड मर्यादेबाहेरच राहिलं. दिल्लीच्या साहेबांनी नंतर सांगितलं की त्या बाईने लिहिलं होतं, तपासणीस स्वतःची चूक स्वतः दाखवते अशा ठिकाणच्या दाखल्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. म्हणजे माग वाचले ते तुझ्यामुळे. आणि तुझी चौकशी झाली, बढती गेली, सहीचा अधिकार काढून तुला दोन वर्षं जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. त्या दोन वर्षांत मी तुला भेटायला यायची तेव्हा डब्यात काहीतरी करून आणायची. तू आवडीने खायचीस. मी डबा घेऊन परत जायची.

सहीचा अधिकार परत मिळाला तेव्हा तू पेढे वाटलेस. पण तू बदलली होतीस. पूर्वी तुझा हात कापडावरून सहज फिरायचा. आता तू एकूण एक थान उघडायचीस, पुन्हा मोजायचीस, आणि स्टँडपर्यंत जाऊन परत यायचीस. "एक राहिलं वाटते वं. दाखव बरं." बोटांची कातडी सोलून निघायची. काका म्हणाले, "पोरीच्या मनात भेव बसलं." मी म्हटलं, कामाचा ताण आहे. तू गेलीस त्या सकाळीही पिशवी भरून, चपला घालून तयार होतीस. आई सांगत होत्या, दारातून दोनदा परत आली, कागद घेतले का बघायला. तिसऱ्यांदा दारातच बसली. डॉक्टर हृदय म्हणाले. माझ्या मनात काय येतं ते तुला ठाऊक असेल.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या ऑफिसातल्या साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"सुशीलाबाई, हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही. कराराची बोलणी पुन्हा सुरू व्हायची आहेत. तिकडचे लोक निमित्तच शोधत असतात. तपासणीसाची चूक वेगळी आणि सोसायटीने मुद्दाम केलेली लबाडी वेगळी. माग बंद पडतील."

"पण चूक कुसुमच्या नावावर आहे."

"त्या गेल्या. आता त्यांना काय फरक पडतो?"

मी एसटीने घरी आले आणि तशीच काकांकडे गेले. काकांना आता नीट दिसत नाही, माग सुटला आहे. ते रहाटावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होते. मी सांगत गेले. मध्येच रहाट थांबला.

"म्हंजे आमच्यासाठी केलं तू," ते म्हणाले.

"हो, काका."

"आन् भोगलं तिनं."

"हो."

त्यांनी सूत तोडून हातातली कांडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "लिहून दे."

"काका, माग बंद पडले तर? तुमचा मुलगा त्याच मागावर आहे."

"भेव मलेबी हाय वं. पन ती पोरगी साऱ्यांसमोर खरं बोलली, तरी माग चालूच राहिले ना? मंग खरं बोललं का सारं बंदच पडन, असं तू काहून धरून बसली?"

परवा मी ते लिहून दिलं. तारीख, थानांची संख्या, शिक्के कोणी मारले, सगळं. साहेबांनी घ्यायला नकार दिला, म्हणून मी आवक टेबलावर देऊन शिक्का मारून घेतला. साहेब एवढंच म्हणाले, "आता माझ्या हातात काही नाही." तो कागद मुंबईला जाईल, तिथून दिल्लीला, आणि कदाचित तुझ्या त्या जिनेव्हापर्यंत. तिथली माणसं त्याचं काय करतील, ती एक ओळ राहील की पुसली जाईल, मला माहीत नाही. गल्लीत काहींनी माझ्याशी बोलणं बंद केलं आहे. काल एका बाईने नळावर घागर बाजूला घेतली आणि म्हणाली, "आमच्या लेकराइचं काय, हे नाही इचारलं तुम्ही?" मी विचारलं नव्हतं. तेही खरंच आहे.

तुझ्या आईंना अजून सांगितलेलं नाही. परवाच महालात गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले.

आपलं भांडण अर्धंच राहिलं, कुसुम. नियम त्यांचे आहेत असं मला अजूनही वाटतं. आपण हातानेच विणत राहावं हे त्यांना सोयीचं आहे, असंही वाटतं. पण मी नियम मोडला तेव्हा तो जिनेव्हातल्या कोणाला लागला नाही, तुला लागला. हे मी तेव्हा धरलंच नव्हतं. तुझ्याशी भांडताना मी नेहमी फार लांबच्या माणसांबद्दल बोलत होते.

उद्या सकाळच्या गाडीने नवा तपासणीस येतो आहे. मुंबईचा आहे, उमरेड त्याने पाहिलेलं नाही. माल सगळा आमच्याच मागांवरचा आहे, एकूण एक थान. मी आज दिवसभर एकटीनेच गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडल्या आणि सगळी थानं उलगडून पडवीत मांडली. सावकाश बघू दे त्याला. माझ्या शब्दावर विसंबायची पाळी त्याच्यावर यायला नको.